टॉर्च धरा, हात हलवू नका

समजा, येत्या मंगळवारी तुमच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. सांधा बदलायचाय. सर्जन भला माणूस. कागदावर चित्र काढून सगळं समजावतो आणि उठता उठता म्हणतो, "रक्ताची काळजी करू नका. वाहील ते गोळा करू, मशीनमध्ये धुऊ आणि तुमचंच तुम्हाला परत देऊ." तुम्ही मान डोलावता. घरी येऊन आडवं झाल्यावर मात्र पंख्याकडे बघता बघता भलतंच दिसायला लागतं. ओट्यावर सांडलेलं दूध, ते टिपलेलं फडकं, आणि ते फडकं परत पातेल्यात पिळणारं कुणीतरी. शी! पोटात ढवळतं.

एक काम करा. उद्या भाऊच्या धक्क्यावर या. एका रात्रीपुरता मी तुम्हाला पलीकडे नेतो. तिथे हे काम मशीनशिवाय चालायचं.

रो-रोत गाडी चढवा, वर जाऊन कॉफी घ्या. तासाभरात मांडवा. उतरलात? मोबाईल द्या इकडे. घड्याळही. चपला हातात घ्या, नाहीतर चिखलात एक मागेच राहील. आणि मागे वळून बघू नका, कारण तुम्ही ज्या बोटीतून आलात ती अजून बांधलेलीच नाही. जेट्टीवरची हॉटेलं गेली, बंगल्यांची कुंपणं गेली, भातखाचरं सरकत सरकत रस्त्याला येऊन टेकली. कचेरीच्या पाटीवरचं 'रायगड' पुसलं आणि खाली 'कुलाबा' निघालं. जिल्ह्याचं नाव बदलायला 1981 उजाडावं लागेल, त्याला अवकाश आहे. नेमकं साल विचारू नका, भिंतीवरचं कॅलेंडर ओल येऊन फुगलंय. आषाढ आहे एवढं नक्की, कारण पाऊस आडवा मारतोय.

लाल गाडी आली, चढा. जागा मिळायची नाही. खिडकीला काच नाही, ताडपत्रीचा पडदा आहे आणि तो प्रत्येक वळणावर तुमच्या गालावर ओली चापट मारतो. पुढच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या घोंगडीला भिजलेल्या मेंढीचा वास. शेजारच्या बाईच्या टोपलीत सुके बोंबील, वर केळीचं पान, तरी वास काही झाकत नाही. कुणीतरी तंबाखू मळतंय, कुणाचं पोर ओकलंय, आणि कंडक्टर या सगळ्यातून वाट काढत चिमट्यानं तिकिटाला भोक पाडतोय. बाहेर खाचरात इरली पालथ्या होड्यांसारखी हलताहेत. त्या प्रत्येकाखाली एक माणूस वाकलेला आहे, लावणी चाललीय.

"म्हमईशी आलाव?" म्हातारा विचारतो. तुम्ही हो म्हणता. "लाँचीनं?" आता गप्प बसा. असल्या पावसात रेवसची लाँच बंद आहे आणि हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हातारा तुमच्याकडे जरा संशयानं बघतो आणि मग रामदास बोटीची गोष्ट सुरू करतो. आषाढात समुद्राचं नाव निघालं की इथे ती निघतेच. 17 जुलै 1947, आषाढी अवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्याच्या गावातली कोण कोण गेली ते तो बोटांवर मोजतो. दोन हात पुरत नाहीत. मुंबई इथून दिसते. उघडीप असेल तर रात्री दिवेही दिसतात. पण असल्या पावसात ती नुसती बघायची.

हे लक्षात असू द्या. आज रात्री त्याचाच हिशोब होणार आहे.

रेवदंड्याच्या अलीकडे उतरा. आता वाडीतली वाट. दोन्ही बाजूंना सुपारीची झाडं, इतकी उंच आणि सडपातळ की वाऱ्यात एकमेकींना टेकून कुरकुरतात. पायाखाली शेवाळ. रहाटाची विहीर, तिच्या काठावर बेडकांची सभा. समोर कौलारू घर, पुढे दवाखाना, मागे बिऱ्हाड. ओटीवर दोन बाकडी आणि आढ्याला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या. त्या विकत आणलेल्या नाहीत. कुणी फी म्हणून दिल्या, कुणी फी नव्हती म्हणून दिल्या. दारातच तीन वास एकमेकांत मिसळतात, स्पिरिटचा, फिनेलचा आणि आतून येणारा लसणाच्या फोडणीचा.

डॉक्टर सर्जन आहेत, त्यांची बायको बाळंतपणं बघते आणि गरज पडली की भूलही देते. गाव दोघांना 'डागतर' आणि 'डागतरीणबाय' म्हणतं. नावं विचारू नका. हे जोडपं कुणी एक नाही. त्या काळात रक्तपेढीपासून लांब, लहान गावांत चाकू धरणारे जे सर्जन होते त्यांचे हात एकत्र करून मी या दोघांना उभं केलंय. हात मात्र खरे आहेत, आणि पुढे जे करतील तेही खरं आहे.

जेवा आधी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कोकमाचं सार. वीज सातालाच गेलीय. कंदिलाच्या उजेडात ताटातल्या साराचा लालभडक रंग नीट बघून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

तुम्ही हात धुताय तोवर कुत्री भुंकायला लागतात.

खाडीच्या पलीकडून, साळावच्या बाजूनं माणसं आलीत. पूल नाही. तरीतून आली, असल्या पावसात, असल्या अंधारात. चौघांच्या खांद्यावर एक वल्हं, वल्ह्याला घोंगडी बांधून केलेली झोळी, झोळीत एक कोळीण. सगळ्यांच्या अंगातून पाणी गळतंय. मासळी, खारट घाम, रॉकेलच्या टेंभ्याचा धूर, सगळं एकदम ओटीवर शिरतं आणि सगळे एकदमच बोलायला लागतात. दुपारी चुलीपाशी चक्कर येऊन पडली. पोटात कळ. देवऋषी झाला. मग परत पडली.

पुढे व्हा, लाजू नका, कंदील धरा. चेहरा बघा. सावळ्या माणसाचं पांढरं पडणं वेगळं असतं. कातडी राखाडी दिसते आणि ओठ मेणासारखे. डॉक्टर पापणी खाली ओढतात. आत जिथे लाल असायला हवं तिथे कागद. हात गार आणि ओला. तुम्ही मनगट धरून बघा. नाडी आहे, पण बोटाखाली धाग्यासारखी पळतेय आणि मधेच हरवतेय.

"कुठे दुखतंय, बाय?" डॉक्टरीणबाई कानाशी वाकून विचारतात.

बाई पोटावर हात ठेवते. आणि मग, तुम्हाला विचित्र वाटेल, उजवा खांदा दाखवते.

तो खांदा बघून नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. पोटात रक्त साचलं आणि माणूस आडवा झाला की ते वर सरकून छातीखालच्या पडद्याला लागतं, आणि त्या पडद्याची नस दुखणं खांद्यावर नेऊन टाकते. पाळी चुकून दीड महिना. गर्भ पिशवीत रुजायचा तो नळीतच रुजला आणि नळी फुटली. खात्री करायला डॉक्टरीणबाई आत नेऊन सुईनं थोडं रक्त ओढतात, काचेच्या नळीत घेतात, नळी तिरकी करतात, थांबतात. रक्त गोठत नाही. शिरेतलं असतं तर एव्हाना घट्ट झालं असतं. पोटात साचलेलं रक्त मात्र तिथे आधीच गुठळी धरून मोकळं झालेलं असतं, त्यात गोठायला फारसं काही उरत नाही. या एका गोष्टीवर आजची रात्र टेकलेली आहे.

आता हिशोब. पंचेचाळीस किलोच्या बाईच्या अंगात रक्त असतं तीन लिटरच्या जरा वर. डॉक्टरांचा अंदाज, त्यातलं निम्मं शिरांच्या बाहेर, पोटात पडलंय. अलिबागचं सरकारी इस्पितळ लांब नाही, पण वाटेत झाड आडवं झाल्याची बातमी शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरनं दिलीय. मुंबईत रक्तपेढ्या आहेत. वडखळ, पेण, पनवेल करत शंभरावर किलोमीटर. आधी हिच्या रक्ताचा नमुना तिकडे न्यायचा, तिथे जुळवायचा, मग बाटली बर्फात घालून इकडे आणायची. पोस्टातून ट्रंक कॉल लावायचा म्हटलं तर साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर आहेत. लाइटनिंग लावला तरी वीज पडल्यागत लागतो असं नाही.

गावातलं रक्त? डॉक्टरांनी नुसता शब्द काढला आणि ओटीवरची माणसं अर्धं पाऊल मागे, पावसात. रगत दिलं की माणूस वल्ह्याचा राहत नाही, असं पक्कं आहे इथे. त्यांना हसू नका. तुमच्या ऑफिसात रक्तदान शिबिर असतं तेव्हा तुम्हाला नेमकी त्याच दिवशी मीटिंग असते.

नवरा मात्र पुढे येतो. पंचविशीचा असेल. कमरेच्या रुमालाची गाठ सोडतो, आत ओल्या नोटांचा बोळा. नाखवाकडून उचल आणलीय. "बाटली घाला, सायेब. पैशे हायेत." तो ससून डॉकवर काम केलेला गडी आहे, शहरात रक्ताची बाटली विकत मिळते हे त्यानं पाहिलंय. खरंच मिळते. मुंबईत रक्त विकून पोट भरणारी माणसं आहेत, पुन्हापुन्हा विकतात, अंगात काही उरो न उरो, आणि त्या बाटलीतून कावीळही विकत येते हे डॉक्टर जाणतात. कावीळ ही त्या रक्तातली सगळ्यात मोठी धास्ती नव्हे, हे अजून कुणालाच माहीत नाही. पैसे घेऊन रक्त देणं सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून बंद होईल. आज ते चालू आहे आणि खाडीपलीकडच्या या पोराची त्याच्यावर श्रद्धा आहे.

"ठेव ते," डॉक्टर म्हणतात. "बघू."

आत चला. स्टोव्ह पेटलाय, पाणी ठेवलंय. उकळेपर्यंत दोन गोष्टी सांगून घेतो, पुढे वेळ मिळायचा नाही.

आपण आता जे करणार आहोत ती कोकणातली टूम नाही. लंडनच्या जेम्स ब्लंडेलच्या मनात 1818 च्या सुमारास हा विचार घोळत होता. बाळंतिणी रक्त जाऊन मरताना तो बघत होता. एडिंबरात जॉन डंकननं 1885 मध्ये पाय चिरडलेल्या माणसाला त्याच्याच पायातून गोळा केलेलं रक्त परत दिलं. आणि 1914 मध्ये लाइपझिगच्या योहानेस थीसनं नळी फुटलेल्या बायकांच्या पोटातलं रक्त गाळून त्यांनाच दिलं, म्हणजे नेमकं आजच्या रात्रीचंच काम. मग शहरांत रक्तपेढ्या आल्या, फ्रीज आले, आणि शहाण्यांना याची गरज वाटेनाशी झाली. जिथे फ्रीज पोचला नाही तिथे ते उरलं. स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा उरतो तसं.

पाणी उकळलं. हात धुवा, कोपरापर्यंत. ब्रश घासताना कातडी सोलल्यासारखी होईल, होऊ द्या.

थिएटर म्हणजे दहा बाय बाराची खोली. खिडकीच्या काचा चुन्यानं पांढऱ्या केलेल्या, कौलांखाली स्वच्छ चादर ताणलेली, म्हणजे वरून पाल पडायची नाही. उकाडा असा की श्वास घेतला तरी घाम येतो. तुम्ही सवयीनं पेट्रोमॅक्स उचलून आत निघालात आणि डॉक्टरीणबाई किंचाळल्या, "बत्ती बाहेर! ईथर आहे!"

भूल ईथरची. तारेच्या जाळीवर गॉज, ती बाईच्या नाकावर, आणि तिच्यावर बाटलीतून एकेक थेंब. गोडसर, जड, डोक्यात शिरणारा वास. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, आणि ठिणगी लागली तर खोलीसकट सगळे कौलातून बाहेर. म्हणून बत्ती खिडकीच्या पलीकडे, पावसात छत्रीखाली. ती छत्री कंपाउंडरनं धरलीय. आणि आत? आत तुम्ही. हे घ्या, तीन सेलचा टॉर्च. तो चालू करायचाय तोही दाराबाहेर, मग आत न्यायचा आणि काही झालं तरी बटणाला हात लावायचा नाही.

"टॉर्च धरा," डॉक्टर म्हणतात. "हात हलवू नका. चक्कर आली तर आधी सांगा, मागे पडा, पुढे पडू नका."

पोटाची कातडी उघडते. आतलं शेवटचं पातळ आवरण खालून निळंजांभळं दिसतंय, त्याच्यामागे काहीतरी भरून दाटून आलंय. डॉक्टर थांबतात. "सिस्टर, वाटी."

वाटी म्हणजे वाटीच. लग्नाच्या सेटमधली स्टीलची, प्रेशर कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक केलेली. शेजारी तोंडावर गॉज बांधलेलं काचेचं नरसाळं, खाली रक्त गोठू न देणारं सायट्रेट घातलेली बाटली. गॉजच्या घड्या मोजा. एक, दोन, तीन... आठ. आठ पदर. सहा चालतात, डॉक्टरांना आठ लागतात.

आवरण कापलं आणि रक्त वर आलं. उसळलं म्हणत नाही मी, विहीर भरल्यासारखं आलं. गरम. हा वास तुम्ही विसरणार नाही, ओल्या लोखंडाचा, नांगराच्या फाळाचा. सिस्टर वाटीनं अलगद भरतेय, नरसाळ्यात ओततेय. डॉक्टरांचा डावा हात मनगटापर्यंत आत, डोळे छताकडे; तो हात आंधळ्यासारखा चाचपडतोय आणि एका क्षणी थांबतो. नळी सापडली. चिमटा लागला. गळती बंद. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, ईथरसकट.

कोपऱ्यात पायानं चालवायचा सक्शन पंप आहे, दिसला? तुम्हाला वाटेल, वाटीनं काय भरताय, तो लावा. "लावला असता," डॉक्टर म्हणतात, "पण तो रक्ताचं ताक करतो. फेस आला की पेशी फुटल्या. फुटलेल्या पेशींचा रंग तेवढा शिरेत जातो आणि मूत्रपिंडात अडकतो. वाटीनं भरलं की पेशी शाबूत राहते."

आता विचारा तुमचा प्रश्न. रात्रभर घशात घेऊन फिरताय. सुरक्षित आहे का हे?

डॉक्टर टाका घालता घालता बोलतात, वाक्य अर्धं टाकून मधेच दोरा मागतात. "गट चुकायचा प्रश्न नाही, तिचंच आहे. दुसऱ्याचा रोग यायचा प्रश्न नाही. दोरा. गरम आहे, ताजं आहे, पेढीतलं फ्रीजमधून येतं. पण वास घेतला मी आधी. तुम्ही बघितलं नसेल." खरंच, वाटी भरायच्या आधी ते वाकले होते, मास्क लावलेलं तोंड जखमेशी नेऊन. आतडं फुटलं असतं तर घाण वास आला असता, मग एक थेंब परत द्यायचा नाही. दोन दिवस सडलेलं, काळं पडलेलं असतं तर नाही. गर्भ मोठा असता, त्याचं पाणी मिसळलं असतं, तर त्यांनी वाटी उचललीच नसती. गुठळ्या जातात त्या ट्रेमध्ये, त्यांना हात लावायचा नाही. "कापा. आणि हे सगळं ठीक असलं तरी," ते म्हणतात, "परत जातं ते पूर्ण रक्त नाहीच. गोठवणारा भाग आतच खर्ची पडलाय. एक-दोन बाटल्या ठीक. चार बाटल्या घातल्या की जखमेतून झिरपायला लागेल आणि मग मी कुणाचं तोंड बघू?"

हे शेवटचं वाक्य ऐकून मला हा माणूस आवडला. फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात.

पहिली बाटली भरली, गॉज बदलला, दुसरी भरली. पहिली आता उलटी होऊन स्टँडवर चढलीय, सलाईनशेजारी. नळीत लाल रेघ उतरतेय. तुमचा टॉर्च बाटलीवर मारा. काच गरम लागेल, अंगातून निघून अंगात जायच्या मधला हा तिचा मुक्काम. "संपायच्या आत चिमटा लावा," डॉक्टरीणबाई सिस्टरला बजावतात. "हवा जायला नको." ही सूचना साधी वाटते, पण पलीकडे अमेरिकेत याच दशकात रक्त ओढून लगेच परत ढकलणारी पंपाची यंत्रं आलीत, आणि त्यातल्या सुरुवातीच्या यंत्रांनी शिरेत हवा ढकलून माणसं मारलीत. इथे रक्त ढकलणारा पंप नाही, बाटली आहे आणि तिच्याकडे बघणारी बाई आहे.

डॉक्टरीणबाईंची दोन बोटं बाईच्या कानापुढच्या नाडीवर आहेत. "एकशे चाळीस." जरा वेळानं "एकशे तीस." मग बराच वेळ काहीच नाही, फक्त कौलांवरचा पाऊस. "एकशे दहा. ओठ बघा." ओठांना रंग आलाय म्हणावं तर टॉर्चचा उजेड पिवळा, खात्री देता येत नाही. पण तुम्हाला आलासा वाटतो.

सगळ्याच रात्री अशा जात नाहीत. झोळी उशिरा येते, वास यायचा तो येतो, रक्त मोरीत ओतावं लागतं आणि हातात उरतं नुसतं सलाईन. अशा रात्री कुणी लिहून ठेवल्या नाहीत, म्हणून त्या कमी होत्या असं समजू नका.

तुमचं काम संपलं असं वाटलं? बसा या स्टुलावर, बाईच्या उशाशी. डॉक्टर ओटीवर गेलेत, कारण दोन कोसांवरून विंचू चावलेलं पोर आलंय. तो दुसरा शत्रू. याच जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर तसल्या पोरांच्या उशाशी रात्री काढतायत किंवा लवकरच काढतील. इथे ओटीवर आज आपलेच डॉक्टर. तुम्हाला डॉक्टरीणबाईंनी खाटेखालची काचेची बाटली दाखवलीय, नळीतून लघवी थेंबथेंब उतरतेय. "रंग बघत बसायचं. फिका चहा झाला, चालेल. कोकमाच्या आगळासारखा झाला तर मला उठवायचं. लगेच."

म्हणून जेवताना तो रंग बघायला लावला होता. पेशी फुटल्या असतील तर त्या खालच्या बाटलीत कबुली देतील.

दर पंधरा मिनिटांनी टॉर्च. ईथर उतरत चाललंय, बाई कण्हतेय, उलटी येतेय, तोंड एका बाजूला करा. डास. भिंतीवर ओल. लांबून समुद्राचा एकसुरी घोष. तुम्हाला झोप येईल, म्हणून तुमच्या मंगळवारचं बोलू.

तुमच्या खोलीत ईथर नसेल, वाटी नसेल. सर्जनच्या हातातल्या नळीच्या टोकाशीच रक्तात गोठू न देणारं औषध मिसळेल. सक्शन मुद्दाम हळू ठेवतील, ताक होऊ नये म्हणून. रक्त गाळणीतून डब्यात पडेल, तिथून फिरत्या भांड्यात. भांडं गरगरा फिरलं की लाल पेशी जड म्हणून कडेला बसतात, बाकीचं वरून निघून जातं, मग सलाईननं धुणं, आणि शेवटी पिशवीत घट्ट लाल पेशी. फुटलेल्या पेशींचा रंग, चरबी, हाडाचा चुरा बराचसा धुऊन जातो. आमच्या डॉक्टरांना जे नाकानं आणि आठ पदरांनी करावं लागतं त्यातलं पुष्कळसं हे यंत्र करतं. सगळं नाही. जखमेत आयोडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, किंवा हाडात सिमेंट भरायची वेळ आली, की ती नळी बाजूला ठेवायची असते, आणि ती ठेवायला माणूसच लागतो. पिशवीवर तुमचं नाव हवं, ती तुमच्या खाटेपासून हलायला नको, आणि साधारण चार तासांत ती तुमच्या अंगात गेलेली हवी. गोठवणारा भाग तिथेही धुऊन जातो, त्यामुळे फार रक्त गेलं तर पेढीतून प्लाझ्मा मागवावा लागतोच. कर्करोगाच्या गाठीचं ऑपरेशन असेल तर वेगळी गाळणी आणि वेगळा विचार. सर्जनला एवढंच विचारा, त्या यंत्रापाशी त्या दिवशी कोण उभं असणार आहे. त्याच्या उत्तरावरून तुम्हाला पुरेसं कळेल.

आणि यंत्र असलेल्या शहरात कुणी तुम्हाला गॉजमधून गाळून द्यायला निघाला तर टेबलावरून उठून पळा. हे रेवदंड्याच्या पावसाचं औषध आहे, तिथेच शोभतं.

एक गंमत सांगू? समोर, पाण्यापलीकडे परळला, केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये एक रक्तगट जगापुढे मांडला. त्याला सगळं जग आज 'बॉम्बे' म्हणतं. भारतात दहा हजारांत एखादा माणूस. साध्या तपासणीत तो ओ गटाचा दिसतो, पण ओ चं रक्तही त्याला चालत नाही, फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्याचं. तसा माणूस आज तुमच्या या खाटेवर असता तर लाइटनिंग कॉल, पनवेलचा रस्ता, नाखवाची उचल, सगळं असूनही बाटली सापडली नसती. त्याचं रक्त फक्त त्याच्याच पोटात असतं.

टॉर्च मारा. काय रंग? फिका चहा. बरं.

कोंबडा आरवतो. पाऊस थांबलाय, पागोळ्या चालू आहेत. सुपारीच्या झाडांमधून करडा उजेड येतो आणि मागच्या चुलीतला ओल्या लाकडांचा धूर आत शिरतो. बाईनं डोळे उघडलेत. तुमच्याकडे परक्यासारखं बघते, जीभ ओठांवरून फिरवते. पाणी मागतेय, देऊ नका. ओला बोळा ओठांना लावा. पापणी खाली ओढून बघा, तुम्हाला आता येतं ते. पांढरीच आहे अजून, पण काल कागद होता, आज शिंपल्याच्या आतल्या बाजूइतका रंग आहे.

ओटीवर चौघंही बाकड्याखाली एकमेकांना चिकटून झोपलेत, वल्हं भिंतीला. नवरा जागा आहे. रात्रभर उकिडवा बसलाय, रुमाल मुठीत. डॉक्टर बाहेर येतात तसा उठतो, गुडघे वाजतात.

"हाय?"

"आहे. टाके सुकेपर्यंत ठेवू इथे. आठ-दहा दिवस."

तो खाली बसतो. परत उठतो. दाराच्या फटीतून आत बघतो, रिकाम्या झालेल्या दोन बाटल्या स्टँडवर अजून उलट्या लटकलेल्या आहेत, काचेला आतून लाल पापुद्रा. त्यांच्याकडे बोट करतो.

"दोन घातल्याव? यवऱ्या रातीचं कोनाचं आनलाव रगत?"

"कुणाचं नाही. तिचंच होतं."

"तिचाच?"

"तिच्या पोटातलं. गाळून तिलाच दिलं."

तो बराच वेळ डॉक्टरांकडे बघतो. मग तुमच्याकडे, कारण तुम्ही आत होतात, तुम्ही टॉर्च धरला होतात. तुम्ही मान डोलावता. या वेळी खरोखर. तो रुमालाची गाठ सोडतो, ओल्या नोटा बाकड्यावर एकेक करून सुट्या करतो, तळहातानं सपाट करतो, मोजतो, परत मोजतो आणि कपाळाला आठ्या घालून विचारतो,

"मंग पैशे कोनाला देवाचे?"